वाटून केलेलं गणित

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात जुलै महिना लॅपटॉपच्या खरेदीचा. इंजिनिअरिंगचे प्रवेश नुकतेच झालेले असतात. मुलगा किंवा मुलगी वडिलांना घेऊन दुकानात येते आणि काउंटरवर आकड्यांची बोली सुरू होते. "सोलह जीबी रॅम, पाँच सौ बारह की एसएसडी, दस कोर," दुकानदार बोटांवर मोजून सांगत होता. भिंडहून आलेल्या एका वडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण व्यवहार पक्का ठाऊक होता. त्यांनी विचारलं, "और सबसे बड़ा कौन-सा आता है?"

"सबसे बड़ा तो सरकार के पास है, पुणे में," दुकानदार म्हणाला आणि दुकानातले सगळे हसले.

थट्टा होती, पण चुकीची नव्हती. देशातल्या सर्वांत ताकदवान यंत्रांपैकी दोन पुण्यातच आहेत. एक सी-डॅकचं 'ऐरावत', दुसरं पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतलं 'अर्क'. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'माप' हा विषय दिला, तेव्हा मनात आलं ते हेच: घरातला कॉम्प्युटर आणि सुपरकॉम्प्युटर यांच्यात नेमका फरक कशाचा? आकाराचा, वेगाचा, साठवणीचा, की आणखी कशाचा?

यंत्र पाहायचं तर पुण्यात राहूनही भागलं असतं. ग्वाल्हेर निवडलं ते दोन कारणांनी. इथल्या किल्ल्यावर कातळात कोरलेली शून्यं आहेत आणि मोठे आकडे त्यांच्याशिवाय लिहिता येत नाहीत. दुसरं कारण असं की, ज्या गणितज्ञाने यंत्राच्या ताकदीला रीतीची, म्हणजे गणित सोडवायच्या पद्धतीची, ताकद कशी मागे टाकते हे दाखवून दिलं, तो याच शहरातल्या मराठी घरात जन्मला.

दोन याद्या

आधी जयेंद्रगंजातली यादी घेऊ. दहा कोअर म्हणजे दहा वेगवेगळे हिशेबनीस एका चिपवर. १६ जीबी रॅम ही कामापुरती जवळ ठेवलेली स्मृती. वीज गेली की पुसली जाणारी. ५१२ जीबीची एसएसडी ही कायमची साठवण. दशांश चिन्हासकटच्या आकड्यांची एक बेरीज किंवा एक गुणाकार म्हणजे एक 'फ्लॉप' आणि सेकंदाला असे किती होतात यावर यंत्राची ताकद मोजतात. ढोबळ हिशेबासाठी असा लॅपटॉप सेकंदाला ३०० अब्ज, म्हणजे ३०० गिगाफ्लॉप करतो असं धरू.

हा आकडा लहान समजू नये. सी-डॅकची स्थापना १९८८मध्ये झाली. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे हवी ती यंत्रं मिळेनात, म्हणून आपलं यंत्र आपणच बांधायचं ठरलं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर या कामाचे प्रमुख होते. १९९१मध्ये पुण्यात 'परम ८०००' उभा राहिला. त्याची कमाल ताकद होती १ गिगाफ्लॉप. भिंडच्या मुलाने पिशवीत घालून नेलेला लॅपटॉप त्याच्या तीनशेपट आहे. त्यामुळे सुपरकॉम्प्युटर असं कोणत्याही एका यंत्राचं कायमचं नाव नसतं. त्या त्या काळातल्या सर्वांत पुढच्या यंत्रांना ते मिळतं आणि काही वर्षांनी काढून घेतलं जातं.

आता पाषाणची यादी. 'अर्क'चं उद्घाटन सप्टेंबर २०२४मध्ये झालं. ताकद ११.७७ पेटाफ्लॉप, साठवण ३३ पेटाबाइट. भागाकार केला तर ताकदीने तो सुमारे ३९ हजार लॅपटॉपांइतका भरतो आणि साठवणीने सुमारे ६४ हजार लॅपटॉपांइतका. अमेरिकेतला 'एल कॅपिटन' नोव्हेंबर २०२४च्या जागतिक यादीत १.७४२ एक्झाफ्लॉपवर पहिला आला. तो आपल्या ५८ लाख लॅपटॉपांच्या बरोबरीचा. त्याच्या आधी पहिल्या क्रमांकावर असलेल्या 'फ्रंटियर'ची साठवण ७०० पेटाबाइटच्या आसपास आहे.

विजेचा हिशेब मात्र उलटा निघतो. एल कॅपिटनला सुमारे ३० मेगावॉट वीज लागते. ६५ वॉटचे ५८ लाख लॅपटॉप एकदम लावले तर पावणेचारशे मेगावॉटच्या वर जाईल. म्हणजे एका गणितामागे किती वीज लागते हे पाहिलं तर हे अवाढव्य यंत्र लॅपटॉपपेक्षा बारापट काटकसरी ठरतं.

तरीही ३९ हजार लॅपटॉप विकत घेऊन जीवाजी विद्यापीठाच्या मैदानात मांडले आणि वायफायने जोडले, तर अर्क तयार होणार नाही. त्याच्या जवळपासही नाही. सगळी गोष्ट या 'नाही'मध्ये आहे.

कातळातली शून्यं

ती गोष्ट सांगण्याआधी आकड्यांचा अंदाज यायला हवा. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर, हत्ती पोल या दरवाजाच्या बरंच खाली, एकाच कातळातून कोरून काढलेलं चतुर्भुज मंदिर आहे. आकाराने एखाद्या खोलीएवढं. पर्यटक बहुधा मानमंदिर राजवाड्याच्या निळ्या भिंतींकडे जायच्या घाईत असतात. इथे थांबणारे शाळांच्या सहलीतले किंवा गणिताचे. आत भिंतीवर एक शिलालेख आहे, इसवी सन ८७६मधला. देवळाला रोज फुलं मिळावीत म्हणून गावाने बागेसाठी जमीन दिली; ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. रोज ५० हार द्यायचे असंही ठरलं. २७० आणि ५० या दोन्ही आकड्यांतलं शून्य आज आपण काढतो तसंच छोटं वर्तुळ आहे.

मला या शिलालेखाचं आकर्षण वाटलं ते त्यातल्या साधेपणामुळे. कोणी महान सिद्धांत सांगत नाहीये. बागेचं माप लिहिलं आहे. शून्य तोवर इतकं रुळलं होतं की जमिनीच्या कागदपत्रात सहज यावं.

गिगा म्हणजे एकावर नऊ शून्यं. टेरा म्हणजे बारा, पेटा म्हणजे पंधरा, एक्झा म्हणजे अठरा. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेली स्थानांची यादी परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी संपते. एक एक्झाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा परार्ध गणितं. जगातल्या ८०० कोटी माणसांनी प्रत्येकी सेकंदाला एक बेरीज केली, जेवण-झोप सगळं सोडून केली, तर तेवढी गणितं व्हायला जवळजवळ चार वर्षं लागतील.

असे आकडे ऐकून माणूस दिपतो आणि विचार करायचा थांबतो. म्हणून किल्ला उतरून जयविलास राजवाड्यात गेलो.

चांदीची आगगाडी

जयाजीराव शिंद्यांनी १८७४मध्ये बांधलेल्या या राजवाड्याचा एक भाग आता संग्रहालय आहे. तिथल्या जेवणाच्या दालनात लांबलचक टेबलावर रूळ घातले आहेत आणि त्यांवर चांदीची छोटी आगगाडी उभी आहे. डब्यांतून काचेच्या सुरया. जेवण झालं की गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची. एखाद्याने सुरई उचलली की गाडी थांबायची. परत ठेवली की पुढे निघायची. गाइड हे इतक्या वेळा सांगून झालेला असतो की तो रुळांकडे न पाहता बोलतो.

सुपरकॉम्प्युटर समजून घ्यायला हे टेबल फार उपयोगी आहे. पाहुणे म्हणजे कोअर, सुरई म्हणजे माहिती आणि गाडी म्हणजे स्मृतीपासून कोअरपर्यंतची वाट. पाहुणे वीसवरून दोनशेवर नेले, सगळे कितीही तहानलेले असले, तरी गाडी एकच असेल तर पिणं गाडीच्या वेगानेच होणार. शिवाय एकाने सुरई उचलून धरली की बाकीचे एकशे नव्व्याण्णव ताटकळतात.

आता खरे आकडे. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देतं. रॅममधून एक आकडा आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात; तेवढ्यात ३०० ठोके होऊन जातात. एसएसडीतून आणायचा तर लाख-दीड लाख ठोके. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून आणायचा तर सुमारे तीन कोटी. कोअरचा बहुतेक वेळ गणित करण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो. प्रकाशसुद्धा एका ठोक्यात दहा सेंटिमीटरच जातो. त्यामुळे दोन कपाटांमधलं अंतर हीच वेगाची एक मर्यादा होऊन बसते.

लॅपटॉप आणि सुपरकॉम्प्युटर यांतला मोठा फरक इथे आहे आणि तो जाहिरातीत येत नाही. फ्रंटियरमधल्या मुख्य प्रोसेसरचं घड्याळ २ गिगाहर्ट्झचं आहे. जयेंद्रगंजातला लॅपटॉप जोर आला की ४ गिगाहर्ट्झच्या पुढे जातो. एकास एक लावलं तर घरचा कोअर जास्त चपळ. पण फ्रंटियर उभा राहिला तेव्हा त्यात ९,४०८ नोड होते. नोड म्हणजे त्या यंत्रातला एक स्वतंत्र संगणक. प्रत्येकात ६४ कोअरचा एक प्रोसेसर आणि जोडीला चार जीपीयू, म्हणजे एकाच वेळी असंख्य गणितं करणाऱ्या चिप. हे सगळे नोड अशा जाळ्याने जोडलेले असतात की एकाचा निरोप दुसऱ्याला एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचावा. घरच्या वायफायवर तोच निरोप मिलिसेकंदांत जातो, म्हणजे हजारपट सावकाश. आपले मैदानातले ३९ हजार लॅपटॉप इथे हरतात.

सगळीच कामं अशी नसतात. ज्यात एकाला दुसऱ्याशी बोलावं लागत नाही, ती कामं लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर वाटता येतात. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोना विषाणूच्या प्रथिनांचा अभ्यास करायला जगभरच्या लोकांनी 'फोल्डिंग अ‍ॅट होम'ला आपापले कॉम्प्युटर दिले आणि त्या मेळाने एक एक्झाफ्लॉप ओलांडला, फ्रंटियरच्या दोन वर्षं आधी. पण वाऱ्याचं तसं नाही. ग्वाल्हेरवरचा वारा पुढच्या क्षणी काय करणार हे मुरैना आणि झाशीवरच्या वाऱ्याला विचारल्याशिवाय काढता येत नाही. तिथे प्रत्येक पावलाला सगळ्यांनी सगळ्या शेजाऱ्यांशी बोलावं लागतं.

म्हणूनच क्रमवारीचा आकडा जपून वाचावा. ती ठरते 'लिनपॅक' नावाच्या चाचणीवर. तिच्यात एकदा आणलेली माहिती पुन:पुन्हा वापरता येते. ती ज्यांनी प्रचारात आणली त्या जॅक डोंगारा यांनीच नंतर सहकाऱ्यांबरोबर दुसरी चाचणी तयार केली, प्रत्यक्ष वैज्ञानिक कामाच्या जवळ जाणारी, माहितीची सतत ने-आण करायला लावणारी. पहिल्या चाचणीत एक एक्झाफ्लॉपच्या वर गेलेला फ्रंटियर या दुसरीत सुमारे १४ पेटाफ्लॉपवर थांबतो. शंभरातला जेमतेम एक हिस्सा.

करमरकरांची वाट

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या लष्कर भागात मराठी पाट्या आता विरळ झाल्या आहेत, मराठी आडनावं मात्र टिकून आहेत. नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. आयआयटी मुंबईतून १९७८मध्ये ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. मग कॅलटेक आणि पुढे बर्कलेत रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएचडी. १९८४मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी एक निबंध लिहिला. त्याची बातमी त्याच नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. तेव्हा ते तिशीतही नव्हते.

प्रश्न व्यवहारातला होता. विमान कंपनीकडे इतकी विमानं, इतके वैमानिक, प्रत्येकाच्या कामाच्या तासांवर बंधनं. कमीत कमी खर्चात वेळापत्रक कसं बसवायचं? टेलिफोन कंपनीने कोणत्या मार्गावर किती तारा टाकायच्या? अशा प्रश्नांत हजारो बंधनं असतात. सगळी बंधनं पाळणाऱ्या उत्तरांची मिळून अनेक मितींची एक पैलूदार आकृती होते आणि सर्वोत्तम उत्तर तिच्या एखाद्या कोपऱ्यावर असतं. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ची रीत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जाते. बहुतेक वेळा ती लवकर पोचते, पण मुद्दाम रचलेल्या काही आकृत्यांत जवळजवळ प्रत्येक कोपरा पालथा घालते. १९७९मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी काम ठरावीक मर्यादेत संपेल अशी हमी देणारी रीत शोधली, पण प्रत्यक्षात ती संथ निघाली. करमरकरांनी कड सोडली. त्यांची रीत आकृतीच्या पोटातून जाते आणि प्रत्येक पावलाला आकृतीची मांडणीच अशी बदलून घेते की आपण पुन्हा मध्यावर यावं आणि पुढचं पाऊल लांब टाकता यावं. हमीही मिळाली आणि वेगही.

बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने या रीतीचं पेटंट घेतलं. गणिताच्या रीतीला पेटंट मिळावं का, यावर मोठा वाद झाला. कंपनीने रीत आणि समांतर यंत्र यांची जोडी 'कोर्बेक्स' नावाने विकायला काढली. किंमत ८९ लाख डॉलर. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेचं हवाई दल होतं. ते यंत्र बाजारात टिकलं नाही. पण त्या निबंधाने या सबंध क्षेत्राला ढुशी दिली. पोटातून जाणाऱ्या रीती सुधारल्या, स्पर्धेपायी कडेकडेने जाणाऱ्याही सुधारल्या.

त्या सुधारणेचं एक माप उपलब्ध आहे. बर्लिनचे गणितज्ञ मार्टिन ग्रोत्शेल यांनी उत्पादन-नियोजनाचा एक नमुना प्रश्न घेऊन हिशेब मांडला. १९८८ची यंत्रं आणि १९८८च्या रीती वापरल्या तर तो सुटायला ८२ वर्षं लागली असती. २००३मध्ये तो सुमारे एका मिनिटात सुटला. फरक ४ कोटी ३० लाखपटींचा. त्यातली सुमारे १,००० पट वेगवान यंत्रांमुळे आली आणि सुमारे ४३,००० पट रीतीमुळे. यंत्रांच्या पंधरा वर्षांच्या डोळे दिपवणाऱ्या प्रगतीपेक्षा कागदावरच्या विचाराने त्रेचाळीसपट जास्त काम केलं. क्रमवारीच्या यादीत हे काम दिसत नाही, कारण तिथे यंत्रं मोजतात.

करमरकर पुढे यंत्राच्या रचनेकडेच वळले आणि भारतात परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही तेच काम करत राहिले. त्यांचा प्रश्न तोच होता, जो जयविलासच्या टेबलावर दिसतो: माहिती आणि हिशेबनीस यांची गाठ कशी घालायची? त्यांनी आधार घेतला प्रक्षेपीय भूमितीचा. या भूमितीच्या सर्वांत लहान नमुन्यात ७ बिंदू आणि ७ रेषा असतात. प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा. कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारी रेषा एकच असते. आता बिंदूंच्या जागी स्मृतीचे विभाग ठेवा आणि रेषांच्या जागी प्रोसेसर. कोणत्याही दोन विभागांतले आकडे एकत्र आणायचे असोत, ते काम कोणी करायचं हे भूमितीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. भांडण नाही, गर्दी नाही आणि कामाचा बोजा सगळ्यांवर सारखा. अशा रचनेवरचा त्यांचा निबंध १९९१चा आहे.

या विचाराला टाटा समूहाचं पाठबळ मिळालं आणि पुण्यात सीआरएल ही कंपनी उभी राहिली. करमरकर मध्येच बाहेर पडले, पण सीआरएलचं 'एका' हे यंत्र नोव्हेंबर २००७मध्ये जगात चौथं आणि आशियात पहिलं आलं. ताकद ११७.९ टेराफ्लॉप. भारतातल्या यंत्राने जागतिक यादीत गाठलेली ती सर्वांत वरची जागा.

रांगेतला जॉब

शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एका प्राध्यापकांची प्रयोगशाळा पाहिली. बाहेर पाऊस थांबून उकाडा माजलेला. आत एसी, पण तो माणसांसाठी. कोपऱ्यात टेबलाखाली मावेल असा एक सर्व्हर घोंघावत होता. मोठं काम मात्र इथे होत नाही. एक संशोधक विद्यार्थिनी दुसऱ्या शहरातल्या सुपरकॉम्प्युटरला जोडलेली होती. पडद्यावर चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळ्या पाटीवर नुसती अक्षरं. लॉगिन नोडवर उतरायचं, प्रोग्राम आणि माहिती आपल्या जागेत ठेवायची आणि एक छोटी चिठ्ठी लिहायची: मला इतके नोड हवेत, इतके तास हवेत. चिठ्ठी रांगेत लागते. विद्यार्थिनीच्या कामाच्या, म्हणजे जॉबच्या, नावापुढे दोन अक्षरं होती, 'पीडी', म्हणजे पेंडिंग.

"काका, रात्री लागेल बहुतेक," ती म्हणाली. "जास्त तास मागितले की नंबर मागे जातो. कमी मागितले तर काम अर्धवट असतानाच जॉब मारला जातो. अंदाज यायला सहा महिने गेले."

साठवणीचा कारभारही घरच्यासारखा नाही. 'होम'मध्ये थोडी जागा, तिथे प्रोग्राम ठेवायचे. 'स्क्रॅच'मध्ये भरपूर जागा आणि प्रचंड वेग, कारण तिथली एक मोठी फाइल तुकडे करून अनेक डिस्कवर पसरलेली असते आणि सगळ्या डिस्क एकदम वाचल्या जातात. पण स्क्रॅच हे मुक्कामाचं ठिकाण नव्हे. ठरलेल्या दिवसांत हात न लागलेल्या फाइली व्यवस्था स्वतःहून पुसून टाकते. कायमचं जपायचं ते मोठ्या केंद्रांत अजूनही चुंबकीय फितींवर जातं. फीत वाचायला वेळ लागतो, पण नुसती पडून असताना तिला वीज लागत नाही.

साठवणीला एक कारण असं आहे, जे लॅपटॉपच्या मालकाला कधी सुचणार नाही. एक नोड पाच वर्षांतून एकदाच बिघडतो असं समजा. कोणीही समाधानी राहील. पण ९,४०८ नोड असतील तर दर पावणेपाच तासांनी कुठे ना कुठे एक पडतो. दोन दिवस चालणारं काम त्यात बुडायला नको, म्हणून ठरावीक वेळाने सगळी स्मृती डिस्कवर उतरवून ठेवतात. नोड पडला की शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात. गणित करता करता मध्येच काही पेटाबाइट लिहून परत कामाला लागायचं, तर साठवणही तितकीच रुंद आणि वेगवान लागते.

प्राध्यापकांची तक्रार वेगळी होती. ते लष्कर भागातले, घरी मराठी, वर्गात हिंदी. म्हणाले, "मुलं दहा कोअरचा लॅपटॉप घेऊन येतात. त्यांचा प्रोग्राम चालतो एका कोअरवर. नऊ कोअर नुसते बसलेले असतात. मोठं यंत्र दिलं तर हजार बसतील, दुसरं काय होणार?"

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला मुद्दा हाच. कामाचे शंभरातले पाच हिस्से जरी वाटून देता येत नसतील, तर कोअर लाख लावा, काम वीसपटीपेक्षा जास्त लवकर होणार नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा सगळा जीव त्या पाचाचा एक करण्यात जातो.

सहा किलोमीटरचा चौकोन

हे सगळं ग्वाल्हेरच्या माणसाच्या अंगणात कसं पोचतं? पावसाच्या अंदाजातून. अंदाजासाठी पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात. प्रत्येक चौकोनावर हवेचे अनेक थर आणि प्रत्येक थरातलं तापमान, वारा, बाष्प असे आकडे. पुढच्या काही मिनिटांत ते काय होतील हे काढायचं, शेजाऱ्यांशी ताळा घालायचा, मग पुढची काही मिनिटं. असं करत दहा दिवस पुढे जायचं.

आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. तिच्या एका चौकोनात १४४ चौरस किलोमीटर येतात. किल्ला, लष्कर आणि मोरार एकाच आकड्यात गुंडाळले जाऊ शकतात. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरवर चालते. चौकोन ३६ चौरस किलोमीटरचा झाला. ऐकायला दुप्पट बारकाई, पण काम दुप्पट होत नाही. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या की चौकोन चौपट होतात. शिवाय चौकोन लहान झाला की वेळेचं पाऊलही निम्मं घ्यावं लागतं, नाहीतर गणित भरकटतं. म्हणजे काम आठपट.

आणि वेळ तर वाढवून मिळत नाही. उद्याचा पाऊस परवा सांगून उपयोग नाही. 'अर्क'च्या आधीचं पुण्याचं यंत्र 'प्रत्यूष', २०१८चं, ४ पेटाफ्लॉपचं. त्यावर दहा तास घेणारी हवामानाची कामं अर्कवर सुमारे चार तासांत होतात. यंत्राची ताकद जवळजवळ तिप्पट झाली, हे खरं. पण जाळी अर्धी केल्याने वाढलेलं काम आठपट आहे. तिपटीतून आठपट निघत नाही. मधलं अंतर मांडणीला भरून काढावं लागतं. नव्या प्रणालीतली जाळी त्यासाठी वेगळी आखली आहे. ध्रुवांकडे अक्षांशांची वर्तुळं आखडत जातात, तिथे उगाच दाटी करणारे बिंदू कमी करायचे आणि आपल्या उष्ण पट्ट्यात बारकाई राखायची.

पुढची पायरी तीन किलोमीटरची धरली, तर पुन्हा आठपट काम. नुसत्या यंत्राने ते उरकायचं म्हटलं तर ९० पेटाफ्लॉपच्या वरचा अर्क लागेल. आत्ताचा अर्क आणि नोएडातला त्याचा जोडीदार 'अरुणिका' यांना मिळून ८५० कोटी रुपये लागले आहेत. यंत्रं घ्यावीच लागतील. वादळ आणि ढगफुटीच्या देशात त्यावर हात आखडता घेणं परवडणारं नाही. पण ग्रोत्शेल यांचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला तर त्या आठपटीतला मोठा वाटा रीतीतून काढता येईल का, हे आधी पाहायला हवं. त्याला लागणारा खर्च माणसांचा आहे: समांतर प्रोग्राम लिहायला शिकवणारे शिक्षक आणि रात्री लागणाऱ्या जॉबची वाट पाहत रीत सुधारत राहणारे विद्यार्थी. सुपरकॉम्प्युटरसाठी कोट्यवधींचा निधी मंजूर होतो, त्यातला ठरावीक हिस्सा यांच्यासाठी राखून ठेवायला हवा आणि तो ग्वाल्हेरसारख्या शहरांतल्या कॉलेजांपर्यंत जायला हवा. करमरकर जन्मले ते अशाच एका शहरात.